कोथळीची ग्रामपंचायत आणि दिल्लीचे सभागृह

मुक्ताईनगर तालुक्यातील कोथळीचे सरपंचपद, त्यानंतर जळगाव जिल्हा परिषदेचे सदस्यत्व, २०१४ पासून सलग तीन वेळा रावेरची खासदारकी आणि जून २०२४ मध्ये केंद्रात युवक कल्याण व क्रीडा खात्याचे राज्यमंत्रिपद, असा रक्षा खडसे यांचा राजकीय प्रवास आहे. त्यांचे सासरे एकनाथ खडसे १९९० पासून याच भागाचे आमदार होते, त्यामुळे घराण्याचे पाठबळ या प्रवासामागे होते हे उघड आहे. तरीही गावाच्या कारभारातून संसदेत जाणारी व्यक्ती आपल्याकडे दुर्मीळ असल्याने या वाटेचा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

याच तालुक्याचे जुने नाव एदलाबाद. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावमधून थेट विधानसभेत गेल्या, १९६७ ते १९८५ या काळात त्यांनी एदलाबादचे प्रतिनिधित्व केले आणि पुढे राज्यसभा, लोकसभा, राजस्थानचे राज्यपालपद असे टप्पे ओलांडून २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या. त्या पहिल्यांदा आमदार झाल्या तेव्हा आजच्या स्वरूपातील जिल्हा परिषद अस्तित्वातच नव्हती; ती १ मे १९६२ रोजी सुरू झाली. तिचा पाया घालणाऱ्या वसंतराव नाईक समितीने एक दूरदृष्टीचा निर्णय घेतला होता. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्यत्व, म्हणजे केवळ पदामुळे आपोआप मिळणारी जागा, देऊ नये, असे या समितीने सुचवले. बलवंतराय मेहता समितीची शिफारस याच्या उलट होती, पण मोठ्या नेत्यांच्या सावलीत नवी माणसे वाढणार नाहीत ही महाराष्ट्राची भूमिका अधिक योग्य होती, असेच म्हणावे लागते.

दोन्ही सभागृहे वेगळी ठेवण्याचा हाच विचार परदेशातही दिसतो. आयर्लंडमध्ये खासदारालाच नगरसेवकही राहता येण्याची सोय कायद्याने बंद झाली ती २००३ मध्ये. त्याच वर्षी, मालवण तालुक्यातील वराड गावाशी वडिलांकडून नाते असलेले लिओ वराडकर डब्लिनजवळच्या फिंगल परिषदेवर रिक्त जागी नियुक्त झाले; तिथे अशी जागा पोटनिवडणुकीऐवजी त्याच पक्षाच्या व्यक्तीच्या नियुक्तीने भरली जाते. वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९९९ मध्ये लढवलेली स्थानिक निवडणूक ते हरले होते. २००४ मध्ये ते परिषदेवर रीतसर निवडून आले, २००७ मध्ये संसदेत गेले आणि २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. ज्या घराला त्या देशात राजकारणाची परंपरा नव्हती, त्या घरातील तरुणाला स्थानिक परिषदेचे दार उघडे मिळाले, ही यातील महत्त्वाची बाब आहे.

खानदेशात हे दार म्हणजे ग्रामसभा आणि जिल्हा परिषदेचा गट. गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, तर पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण म्हणतात. नळपाणी योजनेचे वीजबिल थकून पंप बंद पडला की लोक आधी सरपंचाच्या दारात येतात आणि तिथे पक्षाचे नाव सांगून सुटका होत नाही. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत आरोग्य केंद्रातील रिक्त पदांचा प्रश्न मांडताना सदस्याला निधीचे शीर्ष, म्हणजे कोणत्या कामाचा पैसा कोणत्या खात्यात पडतो, हे शिकावेच लागते. पुढे खासदार झाल्यावर केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हास्तरीय 'दिशा' समितीत हेच ज्ञान कामी येते. नाशिकच्या महापौरपदाचा अनुभव असलेल्या डॉ. शोभा बच्छाव २०२४ मध्ये धुळ्यातून अवघ्या ३,८३१ मतांनी लोकसभेवर गेल्या, त्यांचीही सुरुवात स्थानिक कारभाराचीच.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांतील परिस्थिती चिंताजनक आहे. राज्यघटनेने पंचायतीची मुदत पाच वर्षांची ठरवली आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले आहे. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने तीन वर्षे उलटली तरी मतदान झाले नाही. धुळ्यातही जानेवारी २०२५ नंतर कारभार प्रशासकाकडे, म्हणजे निवडून न आलेल्या अधिकाऱ्याकडे, गेला. आरक्षणाचा प्रश्न खरा आहे आणि त्याचा निकाल लागायलाच हवा. पण सभागृह रिकामे राहिल्याचे नुकसान सर्वांचे सारखे होत नाही. ज्या घरात आमदारकी आहे त्या घरातील उमेदवाराला मुंबई-दिल्लीची वाट 'मिनी मंत्रालय' म्हटल्या जाणाऱ्या जिल्हा परिषदेशिवायही मोकळी असते. २०१७ मध्ये महिलांसाठी राखीव गटातून निवडून आलेल्या आणि पाठीशी घराणे नसलेल्या सदस्येला मात्र पाच वर्षे काम शिकल्यानंतर उभे राहायला जागाच उरली नाही, आणि तिच्या गटातील शाळेच्या गळक्या वर्गखोलीची तक्रार सभेत प्रश्न म्हणून मांडली न जाता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर अर्ज म्हणून जाऊ लागली.