बुद्धिबळास धनबळ कशास?

आमच्या बडोद्यातील मंडळाच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक प्रस्ताव आहे. रविवारी सकाळी मंडळाचे सभागृह एका खाजगी बुद्धिबळ वर्गास द्यावे, वर्गाने प्रत्येक मुलामागे दरमहा अठराशे रुपये शुल्क घ्यावे आणि त्यातील काही हिस्सा मंडळाच्या तिजोरीत जमा करावा, असा तो प्रस्ताव आहे. मंडळाची आर्थिक स्थिती आम्हांस ठाऊक आहे. छप्पर गळते, छपाईचे देणे थकले आहे. तरीही या प्रस्तावास आमचा स्पष्ट विरोध आहे आणि तो कारणांसह सभासदांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रस्तावाचे समर्थक दोन गोष्टी सांगतात. पहिली ही की, दिवस बुद्धिबळाचे आले आहेत. ते खरेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अठरा वर्षांचा गुकेश सिंगापूर येथे जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही मिळवला. घरोघरची नातवंडे पट मागू लागली, याचा आनंद आम्हांसही आहे. दुसरी गोष्ट ते अशी सांगतात की, हा खेळ आता पैशावाचून शिकता येत नाही. आमचे भांडण आहे ते या दुसऱ्या विधानाशी.

हिशेब मांडूनच पाहू. गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि प्लॅस्टिकची सोंगटी यांस फार तर पाचशे रुपये पडतात. तेही नसतील, तर अर्धा मीटर लांबी-रुंदीचा पुठ्ठा, पट्टी आणि शाई यांवर काम भागते. घर साडेपाच सेंटिमीटरचे आखले की पट स्पर्धेच्या मापाचा होतो. घड्याळ नवशिक्यास लागत नाही. डाव टिपण्यास शाळेची जुनी वही पुरते. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांची आद्याक्षरे आपापल्या भाषेत लिहिण्याची मुभा जागतिक संघटनेच्या नियमांतच आहे. म्हणजे आजोबांनी मराठीत टिपलेला डाव नातवाने मराठीतच वाचावा, यात नियमाची आडकाठी नाही.

पुस्तकांचे काय, असे विचारले जाईल. कापाब्लांका हा १९२१ ते १९२७ या काळातील जगज्जेता. त्याचे ‘चेस फंडामेंटल्स’ हे १९२१ चे पुस्तक आजही नवशिक्यांच्या हाती द्यावे असे आहे. आरंभीच तो साध्या माती शिकवतो: राजा आणि एक हत्ती हाताशी असता समोरच्या एकट्या राजास कोपऱ्यात कसे न्यावे, हे दाखवतो. कापाब्लांका १९४२ साली निवर्तला. त्यामुळे आपल्या कायद्याप्रमाणे २००३ पासून या पुस्तकावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. ते इंटरनेटवर फुकट वाचता येते आणि मराठीत आणण्यासही कोणाची परवानगी लागत नाही. साहित्याचे मंडळ म्हणवणाऱ्या आम्हांस हे काम सुचू नये, याचीच आम्हांस खंत वाटते. बालकांसाठी मराठीत बुद्धिबळाचे पुस्तक ही काही नवी कल्पना नव्हे. विनायक राजाराम टोपे यांचे ‘बालहित बुद्धिबळक्रीडा’ १८९३ सालीच छापले गेले होते.

सरावाची सोय हवी असेल, तर २०१० पासून चालणारे ‘लिचेस’ हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते. तेथे शुल्क नाही आणि जाहिरातही नाही. कोडी सोडवा, आपला डाव तपासून घ्या, कोणी पैसा मागत नाही. मात्र त्या पडद्यावरील तीन-तीन मिनिटांच्या डावांचे व्यसन मुलांस लागू नये. विचार करण्याची सवय पटासमोर, माणसासमोर बसूनच लागते.

आता विरोधकांच्या बाजूने जे रास्त आहे, तेही आम्ही मान्य करतो. ग्रँडमास्टर होणे स्वस्त नाही. त्यासाठी देशोदेशीच्या स्पर्धा, प्रवास आणि चांगला गुरू लागतो. गुणी मुलांच्या आईवडिलांस त्यापायी नोकरी-व्यवसाय बाजूस ठेवावा लागतो. परंतु शंभरांतील एखाद्या मुलाच्या वाटेचा खर्च दाखवून उरलेल्या नव्व्याण्णवांकडून दाराशीच शुल्क घ्यायचे, हा कोठला न्याय? याच शहरात गायनशाळा चालली. तिच्यात गेलेले सगळेच काही मैफली गाजवणारे गवई झाले नाहीत. पण गाणे ऐकण्याचा कान पुष्कळांस लाभला. बुद्धिबळाचा आनंदही त्याच जातीचा आहे. मॉर्फीने १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात खेळलेला सतरा चालींचा डाव एका पोस्टकार्डावर मावतो. तो समजला की जो हर्ष होतो, त्यास मानांकन लागत नाही.

नवशिक्यास खरी गरज असते ती जोडीदाराची. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही तेच अजिंक्यपद मिळवले. एका घरात तीन खेळाडू असणे केवढे मोलाचे, हे निराळे सांगावयास नको. सुलतान खान देशी नियमांचा खेळ शिकून मोठा झाला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. त्यास पदरी ठेवणारा, तोडीचे खेळाडू मिळवून देणारा एक धनिक सरदार मागे होता. ज्या मुलास घरी जोडीदार नाही आणि मागे सरदार नाही, त्याने कोठे जावे? आमचे उत्तर एकच आहे: त्याने मंडळाच्या सभागृहात यावे.

ज्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे व मोफत झाले, जेथे १९१० नंतर सयाजीरावांनी ग्रंथालयांचे जाळे विणून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या, त्याच शहरात आमच्या कित्येकांचे आजे-पणजे फुकट शिकले. ते ऋण आमच्या डोक्यावर आहे. त्यांच्या वंशजांनी चौसष्ट घरांच्या पटास तिकीट लावावे, हे आम्हांस शोभत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. मंडळाने सहा संच घ्यावेत. खर्च तीन हजारांचा. रविवारी दहा ते बारा सभागृह सर्वांस खुले असावे. सभासदांपैकी ज्यांस खेळ येतो त्यांनी आळीपाळीने दोन तास द्यावेत. प्रथम नुसत्या प्याद्यांचे डाव, मग हत्तीची मात, मग पुरा डाव, आणि प्रत्येकाने तो वहीत टिपावा. ज्यांस येता येत नाही त्यांच्यासाठी एक पट आणि हस्तपुस्तिका यांची पेटी घरोघर फिरावी. छपरासाठी मुंजी-डोहाळजेवणांस सभागृह देतो त्याचे दर वाढवावेत. ती वाढ आम्ही आनंदाने सोसू.

आमच्या शिपायाचा दहा वर्षांचा मुलगा गेले वर्षभर रविवारी वाचनालयाच्या ओसरीवर वडीलधाऱ्यांचा डाव पाहत उभा असे. कोणी उठले की त्यास बसवत. दिवाळीत त्याने आमच्यापैकी एकास हरवले. प्रस्ताव संमत झाला, तर त्याच दारात त्यास पावती विचारली जाईल. वार्षिक सभेत हात वर करण्यापूर्वी सभासदांनी एवढे ध्यानी घ्यावे.