मानेचा घेर आणि मालकाचे वेळापत्रक

अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाचे तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी फ्रेड टिल्टन यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये आपल्या खात्याच्या वैद्यकीय पत्रिकेतून एक नवे धोरण जाहीर केले. ज्या वैमानिकाचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे शरीरभार निर्देशांक, ४० किंवा त्याहून अधिक असेल आणि मानेचा घेर १७ इंच किंवा त्याहून अधिक भरेल, त्याने निद्राविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतल्याखेरीज त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र मिळणार नाही, असे त्या धोरणाचे सार होते. चाळिसाच्या वरचे सारे तपासून झाले की मर्यादा क्रमाक्रमाने खाली आणायची आणि झोपेतील श्वासरोधाचा प्रत्येक रुग्ण सापडेपर्यंत ही चाळण चालू ठेवायची, हा मनोदयही त्यांनी तेथेच सांगून टाकला.

वैमानिकाच्या आयुष्यात वैद्यकीय प्रमाणपत्र म्हणजे भिंतीवर लावायचा कागद नव्हे. ते हातात नसेल तर त्याला विमानात पाऊल ठेवता येत नाही आणि विमान चालवले नाही तर चूल पेटत नाही. इतक्या मोलाचा कागद रोखून धरण्याचा अधिकार वजनकाट्याच्या आणि मोजपट्टीच्या हाती द्यायचा, आणि तोही ज्यांच्यावर नियम लादायचा त्यांना एका शब्दाने न विचारता, हा प्रकार केवळ वैद्यकाचा म्हणून सोडून देता येत नाही. त्यात श्रमिकाच्या शरीरावर सत्ता कोणाची, हा जुनाच प्रश्न दडलेला आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्लीप ॲप्निया हा काल्पनिक रोग नाही. झोपेत घशाचा मार्ग पुन:पुन्हा बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. रात्रीतून असे शेकडो वेळा घडू शकते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या दिवशी तो पेंगतो. स्थूलपणाने हा धोका वाढतो, हेही खरे. तेव्हा रोग शोधूच नये, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. वाद आहे तो रोग कसा शोधायचा, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि त्याच्या आडोशाने दुसरे काय लपवले जाते, याबद्दल.

या धोरणाचे समर्थक एका घटनेचा हमखास दाखला देतात. १३ फेब्रुवारी २००८ रोजी हवाई बेटांमध्ये होनोलुलूहून हिलोकडे निघालेल्या ‘गो!’ कंपनीच्या विमानाचे दोन्ही वैमानिक झोपी गेले. चाळीस प्रवाशांना घेऊन विमान हिलो ओलांडून समुद्रावर २६ सागरी मैल पुढे गेले आणि सुमारे १८ मिनिटे नियंत्रकांच्या हाकेला उत्तर मिळाले नाही. वैमानिक जागे झाले आणि विमान सुखरूप उतरले, हे दैवच. पुढे कप्तानाला तीव्र स्वरूपाचा श्वासरोध असल्याचे निष्पन्न झाले.

परंतु दाखला देताना तो अर्धाच दिला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या घटनेस हातभार लावणाऱ्या दोन गोष्टी नोंदवल्या होत्या. एक, कप्तानाचा निदान न झालेला विकार. आणि दुसरी, सलग अनेक दिवस भल्या पहाटे कामावर हजर व्हायला लावणारे कंपनीचे वेळापत्रक. सहवैमानिकही झोपला होता, हे विसरून चालणार नाही. कप्तानाच्या मानेचा घेर मोजून सहवैमानिकाची झोप कशी उलगडायची? पहिल्या कारणाचा पाठपुरावा करताना अधिकाऱ्यांच्या लेखणीला धार चढते. दुसऱ्या कारणाशी आल्यावर मात्र तीच लेखणी लाभ-खर्चाचे हिशेब मांडू लागते.

हे हिशेब कसे मांडले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन कंपनीचे विमान कोसळले आणि पन्नास माणसे मेली. कप्तानाच्या हातून झालेली चूक हे मुख्य कारण ठरले. पण आदल्या रात्री तो विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत पडून होता आणि सहवैमानिक स्त्री सिॲटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, हेही चौकशीत उघड झाले. दोघांची कार्यक्षमता थकव्याने घटली असावी, असे मंडळाने म्हटले. मृतांच्या नातेवाइकांनी नेट धरला, २०१० साली कायदा झाला आणि डिसेंबर २०११ मध्ये कामाचे तास व विश्रांती यांचे नवे नियम जाहीर झाले. मात्र मालवाहू विमानांचे वैमानिक त्यांतून वगळण्यात आले. कारण काय? तर त्यांना विश्रांती देण्याचा खर्च तिच्यापासून होणाऱ्या लाभाहून जास्त भरतो!

अर्थशास्त्राचा असा उपयोग पाहून त्या शास्त्राच्या विद्यार्थ्याने मान खाली घालावी. मालवाहू विमानात प्रवासी नसतात, म्हणून अपघातात मरणारी माणसे थोडी. माणसे थोडी, म्हणून वाचवलेल्या जिवांची किंमत थोडी. किंमत थोडी, म्हणून विश्रांती परवडत नाही, असे हे तर्कशास्त्र आहे. पहाटे तीन वाजता मानवी मेंदूला जी गुंगी येते ती विमानात पेट्या आहेत की प्रवासी, हे पाहून येते काय? १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटेच्या अंधारात यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान बर्मिंगहॅम येथे कोसळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. धावपट्टीकडे येताना झालेल्या चुका हे प्रमुख कारण, आणि सहवैमानिकाचा थकवा हे त्यास हातभार लावणाऱ्या कारणांपैकी एक. विश्रांतीच्या नव्या नियमांतून आपल्याला वगळले, याविषयीचे त्या दोघांचे बोलणे विमानातील ध्वनिमुद्रणयंत्रात नोंदलेले सापडले. या अपघाताला तीन महिने होतात न होतात तोच प्रशासनाने मोजपट्टी बाहेर काढली.

मोजपट्टी स्वस्त असते, हे त्यामागील रहस्य. वेळापत्रक बदलायचे तर अधिक वैमानिक नेमावे लागतात आणि तो खर्च मालकाच्या नफ्यातून जातो. निद्रातपासणीचा काही हजार डॉलरांचा खर्च मात्र वैमानिकाच्या खिशातून जावा, अशीच योजना होती. कारखान्यात यंत्राला संरक्षक जाळी बसवण्याऐवजी हात तुटलेल्या कामगाराच्या बेसावधपणाची चौकशी करण्याची रीत जुनीच आहे. धोका कामाच्या रचनेतून निर्माण होतो आणि त्याची जबाबदारी कामगाराच्या देहावर टाकली जाते.

शिवाय ज्या मापाच्या आधारे हे सारे करायचे, ते माप तरी कशासाठी जन्मले? वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ क्वेटले यांची. त्यांना समाजातील ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एखाद्या व्यक्तीचे आरोग्य ठरवायचे नव्हते. त्या गुणोत्तराला आजचे नाव १९७२ साली ॲन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, तेही जनसमूहांच्या अभ्यासासाठी. १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन १२२ किलो असेल तर तो निर्देशांकाने निर्दोष आणि १२३ किलो असेल तर संशयित! आणि मर्यादा ३० वर आणली की त्याच उंचीचा ९२ किलोचा माणूसही रांगेत उभा. उलट, आखूड जबडा किंवा अरुंद घसा असलेल्या सडपातळ माणसालाही हा विकार जडतो. आशियाई लोकांत तो कमी वजनातही आढळतो. असा वैमानिक चाळणीतून अलगद निसटतो. म्हणजे चाळण निर्दोषाला अडवते आणि रुग्णाला सोडते.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. जेथे रोग कबूल करण्याची शिक्षा म्हणजे उपासमार, तेथे रोग लपवला जाणार. घोरण्याबद्दल, दिवसा येणाऱ्या गुंगीबद्दल वैमानिक डॉक्टरांशी बोलणे सोडून देईल. जो विकार साध्या श्वसनयंत्राने आटोक्यात येतो, तो भीतीपोटी वर्षानुवर्षे अंगावर काढला जाईल. सुरक्षिततेच्या नावाने काढलेला हुकूम सुरक्षिततेच्याच मुळावर येतो तो असा.

या हुकुमाला विरोध झाला. तो करण्यात विमानमालक व हौशी वैमानिकांच्या संघटना पुढे होत्या, हे लपवण्याचे कारण नाही. त्यांना श्रमिकांचे कैवारी कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता: ज्यांच्यावर नियम लादायचा त्यांचे म्हणणे ऐकून, रीतसर प्रक्रियेनेच तो करावा. ट्रकचालकांच्या बाबतीत असे बंधन घालणारा कायदा ऑक्टोबर २०१३ मध्ये झालाच होता. वैमानिकांसाठी तसेच विधेयक प्रतिनिधिगृहात आले आणि डिसेंबरात प्रशासनाला माघार घ्यावी लागली. मार्च २०१५ पासून सुधारलेली पद्धत अमलात आली. केवळ निर्देशांकावरून कोणाला अडवायचे नाही. धोका दिसला तर प्रमाणपत्र हातात देऊन तपासणीसाठी ९० दिवसांची मुदत द्यायची. तपासणी निद्रातज्ज्ञाकडूनच हवी, हा हट्ट सोडायचा. उपचार घेणाऱ्याला उडता येते, ही जाणीव तेवढ्याने रुजू शकते.

मात्र ‘प्रक्रिया’ या शब्दाने हुरळून जाण्याचेही कारण नाही. ट्रकचालक व रेल्वे कर्मचारी यांच्यासाठी मार्च २०१६ मध्ये सुरू झालेली अशीच प्रक्रिया ऑगस्ट २०१७ मध्ये गुंडाळण्यात आली. नियमच नको, ही मालकांची घोषणा; शरीरावर नियम हवा, वेळापत्रकावर नको, ही नोकरशाहीची सोय. श्रमिकांच्या चळवळीने या दोन्हींपासून सारखेच अंतर राखले पाहिजे.

भारतात तरी वेगळे काय आहे? २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपुढील दरीत कोसळून १५८ जण मृत्युमुखी पडले. रात्रीच्या त्या उड्डाणात कप्तान दीर्घकाळ झोपला होता, त्याचे घोरणे ध्वनिमुद्रित झाले होते आणि झोपेतून उठल्यानंतरची गुंगी त्याच्या निर्णयावर होती, असे चौकशीत दिसले. तरीही साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम यायला जानेवारी २०२४ उजाडावे लागले. विमान कंपन्यांनी ते लांबवले. अखेर दिल्ली उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर २०२५ मध्ये दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण जवळजवळ दोन वर्षांची पूर्वसूचना असूनही तिने पुरेसे वैमानिक सज्ज ठेवले नव्हते. आणि शासनाने काय केले? नियमांतूनच तात्पुरती सवलत दिली. १२३ किलोच्या वैमानिकाला एका किलोची सवलत कोणी देऊ केली होती काय?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. श्वासरोधाची तपासणी अवश्य व्हावी, पण लक्षणांवरून, वैद्याच्या विवेकाने. तिचा खर्च मालकाने सोसावा. तपासणी व उपचारांच्या काळात पगार चालू राहावा. उपचार लागू पडताच प्रमाणपत्र परत मिळावे. कामाच्या तासांचे बंधन प्रवासी आणि मालवाहू, दोन्हींना एकच असावे आणि नफ्याच्या सबबीवर त्यातून कोणालाही सूट मिळू नये. वैमानिकाच्या गळ्याभोवती मोजपट्टी गुंडाळणाऱ्यांनी तीच पट्टी आधी त्याच्या ड्यूटीच्या तक्त्याला लावून पाहावी.