भीती दाखवा, पण समोर येऊन दाखवा

भुताच्या सिनेमापेक्षा भुताचा सिनेमा सादर करणारा माणूस मला जास्त आवडतो. सिनेमा सुरू होण्याआधी तो पडद्यावर येतो. दोन वाक्यं बोलतो. मध्येच डोकावतो. शेवटी पुन्हा येऊन आपला निरोप घेतो. काम एवढंच. पण या माणसाचं महत्त्व तो गेल्यावर कळतं, आणि आपल्या टीव्हीवरून तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्या जागी कोण येऊन बसलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मला सांगायचंय.

अमेरिकेत या कामाला मोठी परंपरा आहे. १९५४ साली लॉस एंजेलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर मायला नुर्मी नावाची अभिनेत्री काळा घट्ट झगा घालून, धुरातून चालत यायची आणि जुने भयपट दाखवायची. तिचं नाव व्हॅम्पायरा. १९५७ साली युनिव्हर्सल कंपनीच्या ५२ जुन्या चित्रपटांचा गठ्ठा टीव्हीला विकला गेला. गावोगावच्या वाहिन्यांनी तो घेतला आणि सादर करायला आपापला माणूस उभा केला. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली, क्लीव्हलँडमध्ये घुलार्डी, १९८१ पासून लॉस एंजेलिसमध्ये एल्व्हायरा. शिकागोचा स्वेनगुली तर १९७० पासून आहे. १९७९ साली रिच कोझने ती टोपी आणि तो रंगवलेला चेहरा घेतला. तो फालतू विनोद करतो आणि त्याच्या अंगावर रबरी कोंबड्या फेकल्या जातात.

ही मंडळी भीती वाढवत नव्हती, तिला वेसण घालत होती. सिनेमातला सांगाडा दोरीला बांधलेला आहे, हे तेच सांगायचे. त्यामुळे घाबरणारं पोर घाबरत घाबरतच हसायचं. शिवाय सादरकर्ता त्याच शहरातला असायचा. भूत परकं असलं तरी त्याला घरात घेऊन येणारा ओळखीचा होता.

आता म्हणाल, कळंबसारख्या तालुक्याच्या गावात बसून अमेरिकेतल्या व्हॅम्पायराचं कौतुक कशाला? तर आपल्याकडेही ही माणसं होती. त्यांना आपण सादरकर्ते म्हटलं नाही, एवढंच.

पहिला म्हणजे बेताल. १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' ही मालिका लागली. अरुण गोविल राजा विक्रम झाले होते आणि सज्जन हे जुने अभिनेते बेताल. झाडावर लटकणारं प्रेत राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतं. म्हणजे इथे भूत स्वतःच सूत्रधार. गोष्ट संपली की तो प्रश्न विचारतो, आणि उत्तर माहीत असूनही गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील अशी तंबी देतो. भीतीच्या गोष्टीचा शेवट प्रश्नाने आणि विचाराने करायचा, ही आपली जुनी रीत. घाबरलास ना, आता डोकं चालव, असं सांगणारा सूत्रधार.

दुसरा, तंबू टॉकीजचा भोंगेवाला. येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत तंबू लागायचे, तेव्हा जीपवर कर्णा बांधून तो फिरायचा. रामसे बंधूंचा सिनेमा असला की त्याचा आवाज खास खोल जायचा. कच्च्या काळजाच्यांनी येऊ नये, लहान लेकरं आणू नयेत, अशी त्याची ताकीद. त्यामुळे लेकरं हमखास जायची. हा खेळ आहे, तिकीट काढून बघायचा आहे आणि तीन तासांनी संपणार आहे, हे त्याच्या आवाजातूनच कळायचं.

तिसरी, आमची नानी. लोडशेडिंगच्या रात्री ती अंगणात जिन्नांचे किस्से सांगायची. जुन्या विहिरीचा जिन्न, चिंचेखाली रात्री मिठाई मागणारा जिन्न. आवाज खाली आणत आणत ती अशा जागी थांबायची की आम्ही एकमेकांना चिकटायचो. मग अचानक आवाज नेहमीसारखा करून म्हणायची, "इत्ताच था किस्सा. अब आयतल कुर्सी पढो और सो जाव." ते "इत्ताच था" फार महत्त्वाचं होतं. दार उघडलं तिनेच, लावूनही घेतलं तिनेच. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत अशी नानी, आजी किंवा आत्या असणार. कुणाकडे जिन्न असेल, कुणाकडे मुंजा. गोष्ट संपवण्याची रीत मात्र एकच.

मग केबल आली. १९९३ साली झी टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला. तुलसी आणि श्याम रामसे यांनी सिनेमातले वाडे, धुकं आणि करकरणारे दरवाजे टीव्हीत आणले. १९९५ साली सोनीवर बी. पी. सिंग यांची 'आहट' आली. दोन्ही कार्यक्रम आम्ही पांघरुणाच्या फटीतून पाहिले. पण त्यांत सांगणारा कुणी नव्हता. संगीत, किंकाळी आणि एकदम अंधार. गोष्ट संपली हे सांगायला घरातलंच कुणीतरी उठून दिवा लावायचं.

त्याच १९९३ मध्ये आमच्या जिल्ह्याने खरी भीती पाहिली. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. हजारो माणसं गेली. कळंब केंद्रापासून लांब, तरी आम्हीही कित्येक रात्री उघड्यावर झोपलो. आज रात्री पुन्हा होणार, अमक्या वेळेला होणार, अशा आवया रोज उठायच्या. त्या कोण उठवतं हे कुणालाच माहीत नसायचं. भीतीचे दोन प्रकार असतात हे मला तेव्हापासूनच्या आठवणीतून उमगलंय. एका भीतीला सांगणारा असतो, तो चेहरा दाखवतो आणि गोष्ट संपवतो. दुसरीला चेहराच नसतो, म्हणून तिला शेवटही नसतो.

पहिल्या प्रकारातला आपल्या टीव्हीवरचा सर्वांत चांगला माणूस म्हणजे इरफान खान. २००६ साली स्टार वन वाहिनीवर 'मानो या ना मानो' लागायचं. देशातल्या अतर्क्य म्हणवल्या जाणाऱ्या घटनांच्या गोष्टी. इरफान तेव्हा आजच्याइतका मोठा झाला नव्हता. तो ओरडत नसे, डोळे वटारत नसे. सावकाश, जरा थकल्यासारखा बोलायचा. आपण सांगतोय त्यावर त्याचाही पूर्ण विश्वास नाही आणि पूर्ण अविश्वासही नाही, असं वाटायचं. कार्यक्रमाचं नावच निर्णय प्रेक्षकावर सोपवणारं होतं. मानायचं तर माना, नाहीतर सोडा. हाच त्याचा मोठेपणा. एक मुसलमान माणूस देशभरातल्या श्रद्धा-अंधश्रद्धांच्या गोष्टी सांगतोय, याचं कुणाला काही वाटलं नाही. कारण तो कुणाची बाजू घेत नव्हता, कुणाची टिंगलही करत नव्हता. आमच्या घरात त्याच्या कार्यक्रमानंतर दिवा लावायला उठावं लागत नसे.

मराठीत गूढकथेची परंपरा भक्कम आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी ही नावं वाचनालयात झिजलेल्या पुस्तकांवर असायची. मतकरींच्या कथांवरची 'गहिरे पाणी' मालिकाही लोकांनी पाहिली. मतकरींच्या कथेत भुतापेक्षा माणसाची हाव आणि अपराधाची टोचणी जास्त घाबरवते. पुढे २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' गाजली. पण पडद्यावर येऊन गोष्ट हातात देणारा आणि परत घेणारा माणूस दिसेनासा झाला.

त्याची जागा रिकामी राहिली नाही. त्या खुर्चीत बातम्यांचा निवेदक बसला.

नीट पाहा. अंधारलेला स्टुडिओ, लाल-काळी अक्षरं, तोच ढोल, एकच दृश्य सतरा वेळा हळू करून दाखवणं, मध्येच थांबून कॅमेऱ्यात रोखून पाहणं. ही सगळी अवजारं भयपटाच्या सादरकर्त्याची आहेत. उचलली नाही ती एकच गोष्ट, "इत्ताच था किस्सा". उलट तो म्हणतो, हे खरं आहे आणि तुमच्या दारापर्यंत आलंय. आधी भुताटकीचे वाडे आणि इच्छाधारी नागिणी बातम्यांत आल्या. तेव्हा आपण हसलो. मग भुतांच्या जागी माणसं आली.

शेवट कापला की काय होतं, याचा पुरावा २०१८ साली मिळाला. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, असा एक व्हिडिओ देशभर मोबाइलवर फिरत होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. म्हणजे सादरकर्त्यालाच कापलं. उरली ती नुसती भीती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, भिक्षा मागून जगणारे.

दोन वर्षांनी आमची पाळी आली. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये जमलेल्या लोकांत कोरोनाचे रुग्ण सापडले. ती बातमी होती आणि ती द्यायलाच हवी होती. पण काही वाहिन्यांनी तिचा भयपट केला. आजाराला दाढी-टोपी चढवली. कळंबच्या गल्लीत हातगाडीवर भाजी विकणाऱ्याला लोक आधी नाव विचारू लागले. त्याच टाळेबंदीत २९ एप्रिलला इरफान गेला आणि मे महिन्यात मतकरी गेले. भीती सभ्यपणे सांगता येते हे दाखवणारे दोघे तीन आठवड्यांत गेले आणि पडद्यावर मागे राहिले ओरडणारे.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. कळंबचा खटला वर गेला की याच खंडपीठापुढे जातो. संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, तसं या लोकांच्या बाबतीत झालेलं दिसतं, असं निकालात म्हटलं आहे. माध्यमांनी केलेल्या प्रचारावरही त्यात कडक टिप्पणी आहे. दुसऱ्या न्यायमूर्तींनी निकालपत्रातल्या काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचं एकमत होतं. वाहिन्यांवर महिनाभर ढोल वाजला होता. निकालाची बातमी त्या मानाने हळू आवाजात आली. पुन्हा तेच, शेवट कापलेला.

काही मित्र म्हणतात, तुम्ही पुरोगामी म्हणवता आणि भुतांच्या कार्यक्रमाची बाजू घेता? आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, हे विसरलात का? विसरलो नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, चमत्काराचा दावा करून लुबाडणं, हा गुन्हा आहे. भुताची गोष्ट गोष्ट म्हणून सांगणं हा गुन्हा नाही. अंधश्रद्धा गोष्टीतून वाढत नाही, दाव्यातून वाढते. हे आपल्या समाजालाही लागू आहे. बाईच्या अंगातला जिन्न कॅमेऱ्यासमोर काढून दाखवणारे आमिल आज मोबाइलवर रोज दिसतात. ती बाई बहुधा आजारी किंवा सासरी गांजलेली असते. तिला डॉक्टरची गरज असते, प्रेक्षकांची नाही. टीव्हीवरच्या निवेदकाला नावं ठेवायची आणि आपल्या गटात आलेला आमिलचा व्हिडिओ पुढे ढकलायचा, हे चालणार नाही. दोघांचा धंदा एकच, शेवट न सांगण्याचा.

म्हणून मला मराठी टीव्हीवर पुन्हा एक सादरकर्ता हवा आहे. आठवड्यातून एका रात्री येऊन धारपांची, मतकरींची, मराठवाड्यातल्या पडक्या गढ्यांची गोष्ट सांगणारा. तो मुसलमान असो, मराठा असो, डवरी गोसावी असो. घाबरवावं त्याने, अगदी मनसोक्त. फक्त आधी समोर यावं, आपलं नाव सांगावं, आणि संपल्यावर संपलं म्हणावं.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. काळीज धडधडवणारं काही पडद्यावर दिसलं की तीन प्रश्न विचारायचे. हे सांगतंय कोण? याचा शेवट कुठे आहे? आणि मी घाबरलो तर फायदा कुणाचा? लेकरांनाही हे शिकवा. बेतालाची अटच होती, उत्तर माहीत असून गप्प बसायचं नाही.