बासष्टचा बंद अहवाल

अपशिंगे मिलिटरी. सातारा जिल्ह्यातल्या या गावाच्या नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धात इथले 46 जवान कामी आले. अशा मुलखात लष्कराच्या चुका दाखवणारा माणूस एकटा पडतो, हे आम्ही जाणतो. तरीही त्याला बोलू द्यावे, असे आमचे ठाम मत आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण चीनकडून झालेल्या 1962 च्या पराभवाच्या वेळी संरक्षणमंत्री झाले. त्या पराभवाच्या हेंडरसन ब्रूक्स चौकशीत दिसलेल्या प्रशिक्षणातल्या आणि साधनसामग्रीतल्या उणिवा त्यांनी सप्टेंबर 1963 मध्ये लोकसभेत सांगितल्या. या कबुलीने सैन्य खचले नाही. 1965 च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात तेच सैन्य लाहोरच्या वेशीपर्यंत धडकले. मूळ अहवाल मात्र सरकारने अजून खुला केलेला नाही.

उलट, मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ या लष्करी कारवाईवरच्या समाजमाध्यमातल्या एका पोस्टपायी पुण्यातल्या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीला अटक झाली. तिने पोस्ट काढून माफीही मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला फटकारून तिची सुटका केली. तिचे म्हणणे पटो न पटो, तुरुंग हे त्याचे उत्तर नव्हे. कापडी बुटांवर बर्फात लढायला पाठवलेल्या जवानांसाठी बासष्टच्या उन्हाळ्यातच कोणी जाहीर आवाज उठवला असता, तर त्यालाही आपण देशद्रोही म्हणालो असतो का?