तीन पत्रे, एक घर

प्रेम करणे म्हणजे काय आणि प्रेम मिळणे म्हणजे काय, हा यंदाच्या अंकाचा विषय ठरला, तेव्हा सगळ्यांत आधी डोळ्यांसमोर आली ती सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात अशी तीन पत्रे आहेत.

पहिले १८५६ च्या ऑक्टोबरातले. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला आल्या होत्या. तब्येतीला उतार पडतो आहे, भाऊ मनापासून शुश्रूषा करतो आहे, असे त्या कळवतात. आपल्यामागे सहकारी फातिमा शेख यांना पुण्यात त्रास पडत असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, हेही लिहितात. मग येतो भावाशी झालेला वाद. महार-मांगांसाठी काम करून तुम्ही नवरा-बायको वाळीत पडलात, असे भाऊ म्हणाला. गाय-शेळी कुरवाळणारे, नागपंचमीला नागाला दूध पाजणारे लोक माणसाला मात्र दूर लोटतात, असे बहिणीने त्याला तिथल्या तिथे सुनावले. ज्याने रात्रंदिवस सेवा केली त्याच भावाला. माया होती, म्हणूनच त्याला समजावून सांगावेसे वाटले.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावहून. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार समाजातली मुलगी यांचे प्रेम जमले. सारजाला दिवस गेले. गावाला कळले तेव्हा लोकांनी दोघांना मारहाण करत गावातून फिरवले. जिवे मारण्याचा बेत होता. ही खबर लागताच सावित्रीबाई धावल्या आणि जमावासमोर उभ्या राहिल्या. खून केलात तर इंग्रजांचा कायदा सोडणार नाही, असे त्यांनी ठणकावले. जमाव नरमला, दोघांनी गाव सोडावे, एवढ्यावर भागले. सावित्रीबाईंनी त्यांना पाठवले ते थेट जोतीरावांकडे.

या पत्रात ‘पाठवू का?’ असा प्रश्न नाही. आपण पाठवलेल्या माणसांना दार उघडले जाणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. नवऱ्याच्या प्रेमावर इतका भरवसा असलेल्या बाईलाच जमावाला आडवे जाण्याचे बळ येते.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरहून. भीषण दुष्काळात अन्नासाठी तडफडणारी माणसे, लूट करणारे सावकार आणि पकडले गेलेले सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, यांची हकिकत त्यात आहे. ही हकिकत नवऱ्याला कळवणे, हाच या दोघांमधला जिव्हाळा.

सावित्रीबाई-जोतीरावांच्या पुण्यातल्या घराचे दार परक्यांसाठी गणेश-सारजाच्या आधीपासूनच उघडे होते. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, असे त्यांचे सांगणे होते. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत. ज्याच्या जन्माची आईला लाज वाटावी असे समाजाने ठरवले होते, तो मुलगा त्या घरात लाडाने वाढला, शिकला, डॉक्टर झाला.

जोतीराव १८९० मध्ये गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून यशवंतच्या दत्तकपणावर बोट ठेवले गेले. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले. सात वर्षांनी पुण्यात प्लेग पसरला. यशवंतरावांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्यातला एक लहान मुलगा प्लेगने पडल्याचे कळले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. मूल वाचले, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका परक्या मुलाला त्यांनी माया दिली होती. तोच डॉक्टर होऊन दुसऱ्या परक्या मुलाच्या उपयोगी पडला.

गणेश-सारजाची गोष्ट जुनी झालेली नाही. जातीबाहेर लग्न करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना निर्देश द्यावे लागले. कायदा संरक्षण देईल, पण पोरीला सणाला घरी बोलावणे आईबापांच्याच हातात असते. दिवाळीला जावयाचे कौतुक करणाऱ्या या महाराष्ट्रात, मनाविरुद्ध लग्न केले म्हणून ज्या लेकीचे माहेर तुटले आहे, तिला या दिवाळीला फोन जावा, ही मनापासूनची विनंती.

या अंकातील कथा, लेख आणि कविता याच नात्यांभोवती फिरतात.