पडण्याची विद्या

आपल्यापैकी बहुतेकांनी भगवानदादांना पाहिले ते ‘अलबेला’मध्ये. गोल चेहरा, भरलेला देह आणि जमीन न सोडता नाचणारी पावले. तो चित्रपट १९५१ सालचा. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षे या देहाने वेगळेच काम केले होते. ते काम म्हणजे उंचावरून उड्या घेणे, हाणामाऱ्या करणे आणि पडणे.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ सालचा. वडील मुंबईत गिरणी कामगार. मुलाला कुस्तीचा आणि शरीर कमावण्याचा नाद होता आणि ‘दादा’ हे नावही त्यातूनच चिकटले. मूकपटांच्या अखेरच्या काळात ते पडद्यावर आले आणि बोलपट सुरू झाल्यावर स्टंटपटांत रमले. त्यांच्या आधी आपल्याकडे ही वाट रुळवली ती कोल्हापूरच्या मास्टर विठ्ठल यांनी. त्यांना ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत आणि १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायकही तेच होते. भगवानदादांनी १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनात भाग घेतला, १९४२ मध्ये ‘जागृती पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था काढली आणि कमी पैशांत भराभर स्टंटपट काढले. त्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने कष्टकरी वर्गातला. पुढे गोदामाला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या, त्यामुळे आज ते पाहायला मिळत नाहीत. साहसदृश्ये दादा स्वतःच करीत, आपल्या जागी बदली माणूस उभा करीत नसत.

असा माणूस इतकी वर्षे धडधाकट कसा राहतो? थोडे नशीब, हे खरेच. पण तालमीचाही त्यात वाटा असणार. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीत पोरगा आधी पडायला शिकतो. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि आघात एका हाडावर न घेता साऱ्या अंगावर पसरवायचा. आपण घरात पडतो ते नेमके याच्या उलट. पुढे पडताना हात ताठ टेकवला की मनगट मोडते, कुशीवर आपटलो की खुब्याचे हाड. सत्तरीनंतर पडण्याचे डाव शिकावेत असे मी मुळीच सुचवणार नाही. मात्र पडल्यावर उठण्याची विद्या कोणत्याही वयात शिकता येते, आणि ती घरातल्यांनीही शिकायला हवी.

कोणी पडले की आपण धावतो आणि काखेत हात घालून ओढून उभे करतो. तसे करू नये. आधी विचारावे, कुठे दुखते? जांघेत किंवा खुब्यात कळ असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा शुद्ध गेली असेल, तर हलवू नये. पांघरूण घालून १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला लहानसा मारही डॉक्टरांना दाखवावा. यातले काही नसेल तर त्यांना घाई न करता कुशीवर वळू द्यावे, मग गुडघे आणि हात टेकून भक्कम खुर्चीपर्यंत येऊ द्यावे. खुर्चीवर दोन्ही हात, एक पाऊल पुढे, आणि मग उठणे. आपण फक्त खुर्ची धरायची. फिजिओथेरपिस्टसमोर याचा एकदा सराव केलेला असला की पडल्यावरची घबराट निम्मी होते.

हॉलीवूडच्या काऊबॉयपटांत याकिमा कनट नावाचा स्टंटपटू होऊन गेला (१८९५ ते १९८६). १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये भरधाव घोड्यांच्या मधून खाली सुटून वरून गाडी जाऊ देणारा तो हाच. १९६७ साली त्याला मानाचे ऑस्कर मिळाले. ते उड्यांसाठी तर होतेच, शिवाय स्टंट करणाऱ्यांचे जीव वाचवणारी साधने घडवल्याबद्दलही होते. घोड्यावरून पडताना पाय अडकून फरफट होऊ नये म्हणून त्याने उघडी रिकीब तयार केली होती. मला त्याच्या उड्यांपेक्षा ही रिकीब मोठी वाटते. मोशीच्या आपल्या वाचकांना ती अधिक कळेल, कारण भोसरी-चाकणच्या प्रेसवर किंवा लेथवर ज्यांची उमर गेली, त्यांना यंत्राच्या गार्डची किंमत सांगावी लागत नाही. त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट इथेच नोंदवतो. कामगार राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून जो कामगार वयोमानाने निवृत्त झाला, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय उपचार चालू ठेवता येतात. अनेक घरांत हे माहीतच नसते आणि कार्ड कपाटात पडून राहते.

भगवानदादांच्या काळात सेटवर असे काही नव्हते. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात त्यांना नायिकेला थप्पड मारायची होती. ती लागली खरोखरच, आणि फार जोरात. नायिका होत्या ललिता पवार. येवल्याला जन्मलेल्या, मूकपटांपासून काम करणाऱ्या आणि ‘हिम्मत-ए-मर्दां’सारख्या चित्रपटांतून नायिका म्हणून नाव मिळवलेल्या. त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला, तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. पडण्याची विद्या अंगी असलेल्या माणसाच्या हातून हे झाले. दुसऱ्याच्या देहाला किती बळ लावायचे, ही वेगळी विद्या आहे. आजारी माणसाला उचलणाऱ्या, कुशीवर वळवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या प्रत्येकाला तिची गरज पडते.

चेहरा वाकडा झाला की ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळत बसण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. तिच्यात मोलाचा वेळ जातो. तोंड अचानक एका बाजूला ओढले गेले, हात उचलेना किंवा बोलणे बोबडे झाले, तर घड्याळात पाहावे आणि मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. फक्त चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल तर कपाळाला आठ्या घालता येत नाहीत आणि डोळा मिटत नाही. पण हा निवाडा घरी करू नये, डॉक्टरांनाच करू द्यावा. याही लकव्यात औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेले उत्तम, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारतात. तोवर जपायचा तो डोळा. न मिटणारे बुबुळ कोरडे पडून त्याला जखम होते. म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंब दिवसा, मलम रात्री, पापणी अलगद मिटवून पट्टी, आणि बाहेर जाताना चष्मा. नाशिक रस्त्याच्या धुळीत तर चष्मा हवाच.

ललिताबाईंचे नायिकापण गेले. मग त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या, आणि तो बारीक डोळा खाष्ट सासूच्या कामी आला. ‘अनाडी’मधल्या वरून कडक, आतून मायाळू मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दूरदर्शनच्या ‘रामायणा’तली मंथरा तर आपण सर्वांनीच पाहिली. १९९८ मध्ये पुण्यात, आपल्यापासून फार लांब नसलेल्या औंधमध्ये, त्यांचे निधन झाले.

भगवानदादांचा उतार निराळा होता. ‘अलबेला’च्या यशाने बंगला आणि मोटारी आल्या, पुढच्या चित्रपटांनी त्या नेल्याही. उरले ते दादरचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आणि मिळतील तेव्हा किरकोळ भूमिका. पडद्यावर येऊन दोन क्षण नाचायचे, एवढेच काम कधी कधी असे. संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासारखे थोडे जुने स्नेही येत राहिले. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका मात्र त्यांच्या चाळीपाशी थांबत, दादा खाली येत, आपली पावले टाकत. २००२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते गेले.

ती पावले नीट पाहिली आहेत का? त्यांत उडी नाही, गिरकी नाही. गुडघे किंचित सैल, हात कोपरात वाकवून आळीपाळीने हलणारे, आणि देहाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश जाणारा. तोल सुधारण्याच्या व्यायामात फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला नेमके हेच करून घेतात. भार बदलणे. ओट्याला किंवा जड खुर्चीच्या पाठीला हात लावून, अनवाणी किंवा न घसरणारी चप्पल घालून, दोन मिनिटे पुरेत. चक्कर येत असेल, कंपवात असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. नाचताना बोलता येईल इतकाच वेग असावा. सोबत कोणीतरी उभे राहावे, पण हात धरून ओढू नये. आणि गाणे कोणते लावायचे, ते आजी-आजोबांना ठरवू द्यावे.