छाटणीआधी फांदी पाहा

पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झाली आहे. विजेच्या तारांना टेकलेल्या आणि रस्त्यावर वाकलेल्या फांद्या उतरवायलाच हव्यात. पण पुण्यातल्या कात्रजसारख्या भागात, जिथे शहर घाटाला भिडते आणि कात्रज-कोंढवा रस्त्याच्या रुंदीकरणासारखी कामे निघतात, तिथे फांद्यांबरोबर जुनी झाडेही जातात. त्यांची मोजणी होते, पुनर्रोपणाच्या अटी घातल्या जातात. त्या झाडांच्या अंगावर मातीशिवाय जगणाऱ्या वनस्पतींना मात्र आपल्या उद्यान व्यवसायाच्या तक्त्यात सहसा रकानाच नसतो. आमरी (ऑर्किड), बाशिंग (नेचा), रुखाळू यांचे ओझे फांदीबरोबर ट्रकमध्ये जाते.

बहुतेक वेळा हे अज्ञानातून घडते. झाडावर वाढणारे ते सारे बांडगूळ, असे धरून आपले कामगार आमरीही ओरबाडतात. दोन्ही ओळखणे अवघड नाही. बांडगूळ यजमानाच्या फांदीत शोषक मुळे घुसवते आणि जोडाच्या जागी गाठ फुगते. ते गाठीच्या खालून फांदीसकट कापावे. आमरीची मुळे सालीवरून धावतात, पांढरी दिसतात, ओलाव्यात टोके हिरवी होतात. त्या पांढऱ्या, स्पंजासारख्या आवरणात पावसाचे आणि दवाचे पाणी शोषले जाते. फांदीकडून तिला फक्त आधार हवा असतो.

तिचे पाणी असे पावसातून येते, पण ताम्हिणी घाटातल्या पावसाशी तुलना केली तर पुण्याचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस फारच थोडा. त्यामुळे घाटमाथ्यावरून पूर्वेकडे येताना आमरींच्या जाती कमी होत जातात. व्हँडा टेसेलाटा आणि अकॅम्पे प्रिमोर्सा यांसारख्या चिवट जाती तेवढ्या कोरडा उन्हाळा काढतात. अशी एक जुडी वाढायला किती काळ लागतो, याचा विचार करावा. आमरीच्या धुळीसारख्या बीजात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. ल्यूइस नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त माध्यमावर बुरशीशिवाय बीज रुजवून दाखवले आणि प्रयोगशाळेतील रोपनिर्मितीचा मार्ग मोकळा झाला. रानात मात्र ते बंधन आजही कायम आहे. तोडलेल्या झाडाबदली पन्नास नवी रोपे लावून जुन्या आंब्यावरची एक व्हँडा भरून निघत नाही. रोपाच्या कोवळ्या सालीवर तिला बसायला जागाच नसते.

याच शहरात आपण काचेच्या गोळ्यात टिलँड्सिया विकतो. त्यात गैर काही नाही. अननसाच्या कुळातली ही अमेरिकन वनस्पती पानांवरच्या खवल्यांनी पाणी घेते आणि रात्री पर्णरंध्रे उघडते. ग्राहकाला दोन गोष्टी जरूर सांगा: भिजवल्यावर ती उलटी धरून निथळावी, आणि तांबेयुक्त बुरशीनाशक तिच्यावर कधीही पडू देऊ नये. बोर्डो मिश्रणाने ती मरते. पण परदेशी वायुवनस्पतीची एवढी काळजी घेणाऱ्या व्यवसायाने दारातल्या आमरीला कचऱ्यात टाकावे, हे मला पटत नाही.

उपाय सोपा आहे. फांदी उतरवण्यापूर्वी शिडी लावून पाहा. आमरी दिसली तर मुळे सोलून काढू नका. सालीचा किंवा फांदीचा तुकडा तिच्यासकट कापा. तो खरखरीत सालीच्या जुन्या झाडाला, पूर्वीइतक्याच उजेडात, काथ्याने घट्ट बांधा. तार नको, ती सालीत रुतते. अर्जुन, पेरू, निलगिरी ही साल टाकणारी झाडे टाळा. पहिल्या पावसाच्या सुमारास बांधलेली जुडी पावसाळ्याच्या ओलाव्यात नवी मुळे धरू शकते. आणि खोडाला गेरू-चुना लावणाऱ्यांना सांगा, आमरीच्या मुळांवर कुंचला फिरवू नका.

रानातून उपटून आणलेली आमरी कोणी विकायला आणली, तर ती घेऊ नका. संपूर्ण आमरी कुळ साइट्सच्या (धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) परिशिष्टांत आहे, आणि ऊतीसंवर्धित रोपे बाजारात सहज मिळतात.

उद्यान अधीक्षकांना आणि ठेकेदारांना विनंती आहे: यंदाच्या छाटणीच्या कार्यादेशात एक ओळ वाढवा, ‘फांदी तोडण्यापूर्वी तिच्यावरील आमरी व नेचे सालीसह उतरवून जवळच्या झाडाला बांधावेत.’ या कामाचा दरही त्यातच धरा, म्हणजे ते खरोखर होईल.